मागे बघायचं नाही

फोन बायकोच्या, हेमाच्या नंबरवरून आला म्हणून मी नेहमीसारखं म्हणालो, "बोल, काय आणू?"

तिकडून कुणी बोलेना. मागे पोरांचा गलका होता, मधल्या सुट्टीत असतो तसा. मी दुकानात पंपाच्या एका मोटारीचं रिवायंडिंग करत बसलो होतो. हाताला वार्निश लागलेलं, म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता.

"काका," एका मुलीचा आवाज आला. "मी रुक्साना मुजावर. बी.एड.ला आहे, मॅडमच्या गटात. तुम्ही शाळेत येता का? लगेच या."

"मॅडम कुठायत? त्यांना द्या फोन."

"त्या उठत नाहीयेत, काका."

मी हात न पुसताच निघालो. स्कूटरच्या मुठीला लागलेलं ते वार्निश पुढे किती तरी दिवस निघालं नाही.

शाळेत सातवीच्या वर्गात दोन बाकं जोडून हेमाला निजवलं होतं. शाळेतल्या एक बाई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. रुक्साना फळ्याला टेकून उभी होती, हातात खडू तसाच. फळ्यावर जठराचं आणि आतड्यांचं चित्र होतं, नावं अर्धी लिहिलेली. आम्ही हेमाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आणायच्या आधीच गेल्यात. हृदय थांबलंय."

"किती वेळ झाला असेल?" मी विचारलं.

"तसं नेमकं सांगता येणार नाही हो."

शाळेच्या शिपायानं तिच्या वस्तू एका पिशवीत घालून आणून दिल्या. पर्स, फोन, टॅब आणि चष्म्याचं पत्र्याचं घर. मी ते घर उघडून बघितलं. चष्मा आत होता. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

काय झालं ते मला रुक्सानाकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. तो तिचा शेवटचा, वार्षिक पाठ होता. पाठ पचनसंस्थेचा. हेमा मागच्या बाकावर बसून पाठ तपासत होती. पाठ संपला, घंटा झाली, पोरं डबे घेऊन बाहेर पळाली. रुक्साना फळ्यापाशी उभी राहिली, मॅडम काय म्हणतात याची वाट बघत. मॅडम मान खाली घालून बसलेल्या. लिहितायत असं तिला वाटलं. "एवढं लिहितायत म्हणजे पाठ जमला असेल, असंसुद्धा वाटलं मला, काका," ती म्हणाली होती. मग तिनं जवळ जाऊन हाक मारली.

पाठ चालू असताना तिनं एकदाही मागे बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. कारण मागे बघायचं नाही हा हेमाचाच नियम होता. बी.एड.ची मुलं पाठ घेताना सारखी मागच्या बाकाकडे बघतात, मॅडमचा चेहरा कसा आहे, काय लिहिलं, म्हणून. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला हेमा सगळ्यांना बजावायची, "मागच्या बाकावर मी नाहीच असं समजायचं. उद्या नोकरी लागल्यावर मागे कोण बसणार आहे?" वर्गातल्या पोरांनाही तीच ताकीद असायची.

आमच्या गडहिंग्लजच्या त्या कॉलेजात हेमा विज्ञानाची अध्यापनपद्धती शिकवायची. मी दहावी झालेला, मोटारी बांधणारा माणूस. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिचं कॉलेज घरी यायचं ते पाठांच्या फायलींच्या रूपात. आधी वह्या असायच्या, गठ्ठेच्या गठ्ठे. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांच्या टाचणवह्या घेऊन उतरवून काढायची. एका पठ्ठ्यानं तर वही उतरवताना जुन्या मॅडमनी दिलेला 'अक्षर सुधारा' हा शेराही स्वतःच्या अक्षरात उतरवला होता. हेमा ती वही मला दाखवून इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तिनं प्राचार्यांकडे विषय काढला: वह्या बंद, ई-पोर्टफोलिओ सुरू.

म्हणजे मुलांनी पाठाचं टाचण संगणकावर लिहायचं, वर्गात घेतलेल्या पाठाचं चित्रीकरण जोडायचं, खाली स्वतःचं चुकलं काय ते लिहायचं, आणि मार्गदर्शकानं आपल्या लॉगिनमधून शेरा देऊन तो पाठ मंजूर किंवा नामंजूर करायचा. कॉलेजात पुष्कळ कुरकुर झाली. जुने प्राध्यापक म्हणाले, आमची लाल शाई काय वाईट होती? मुलं म्हणाली, आमच्या फोनमध्ये जागा नाही. हेमा ऐकायची नाही. ज्या कंपनीनं ती प्रणाली बसवली, त्यांच्याशी तासन्‌तास भांडून तिनं एक नियम घालून घेतला: घेतलेला पाठ विद्यार्थ्याला काढून टाकता येणार नाही. पडलेला पाठही राहिला पाहिजे, नाही तर मुलं शिकणार कशी, असं तिचं म्हणणं. पाठ काढायचा तर मार्गदर्शकानं नामंजूर करायचा, तेव्हाच तो जागा सोडायचा.

रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पाठ बघत बसायची. मी लसूण सोलायचो.

"तुम्हाला कळलं का हिनं काय शिकवलं?" ती विचारायची.

"नाही बा."

"मग वर्गातल्या पोरांना कुठनं कळणार?" असं म्हणून लिहायला लागायची.

मी तिचं कच्चं पोरगं होतो. मला कळलं तर पाठ चांगला.

दिवस घातल्यावर घरात आक्का तेवढी राहिली, माझी थोरली बहीण. रुक्साना एकदोनदा येऊन गेली. यायची, दाराजवळ बसायची, थोड्या वेळानं जायची. एकदा आक्का तिला म्हणाली, "पोरी, तू तर तोंडासमोर हुभी हुतीस की गं. एवढा तास बोलत हुतीस आन्‌ तुला दिसलं न्हाई?"

"आक्का, गप," मी म्हणालो.

"गप कशाला? माणूस मरतंय आन्‌ ही आतडी शिकवतीया."

रुक्साना उठली. चपला घालता घालता म्हणाली, "मावशी, बरोबर आहे तुमचं," आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच विचारायचं होतं, फक्त मला विचारता येत नव्हतं.

त्यानंतर कॉलेजचे प्राचार्य कुरणे सर आले. बगलेत लॅपटॉप, मागे रुक्साना.

"चौगुले, अशा वेळी यायला नको होतं," सर म्हणाले, "पण एक अडचण आहे. या मुलीची."

अडचण अशी होती. त्या दिवशी रुक्सानाचा फोन मागच्या बाकावर, हेमाच्या शेजारी, स्टँडवर लावलेला होता. पाठ त्यात टिपला जात होता. गडबडीत तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कुणाचा तरी धक्का लागून तो पडला तेव्हा बंद झाला. रुक्साना घरी गेल्यावर नेट मिळालं तसा पाठ आपोआप पोर्टफोलिओवर चढला. आता तिथं शेरा होता, 'मार्गदर्शकाचा निर्णय बाकी'. मार्गदर्शक हेमा. निर्णय होत नाही तोवर रुक्सानाचा पोर्टफोलिओ विद्यापीठाकडे जाणार नाही, दुसरा पाठही जोडता येणार नाही. बाकीच्या मुलांचे पाठ हेमानं आधीच बघून संपवले होते. ही एकटीच अडकली होती. पोर्टफोलिओ गेला नाही तर तिचं वर्ष जाणार. तिच्या सासरच्यांनी एवढ्या एका वर्षाचीच मुभा दिली होती.

"कंपनीला विचारलं नाही का?" मी म्हणालो.

"विचारलं हो. तो पोरगा म्हणतो, मॅडमना लॉगिन करायला सांगा. म्हटलं, मॅडम वारल्या. तर म्हणतो, मग त्यांना पासवर्ड बदलून घ्यायला सांगा."

मला हसू आलं. हेमा गेल्यापासून पहिल्यांदा. आक्का आतून बघायला लागली.

"ओटीपी मॅडमच्या फोनवर येतो," कुरणे सर म्हणाले. "फोन तुमच्याकडे आहे. तुम्ही तो आकडा सांगितला की मी आत शिरतो, चार बऱ्या ओळी लिहितो, गुण देतो, मंजूर करतो. झालं."

"हेमाच्या नावानं?"

"नावानं म्हणजे... लॉगिन त्यांचंच आहे."

"आणि तारीख?"

सरांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तारीख कोण बघतंय, चौगुले. पोरीचं वर्ष बघा."

मी रुक्सानाकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

"नामंजूर करा, काका," ती म्हणाली. "मॅडमच्या नावानं खोटा शेरा नको मला. नामंजूर झाला की जागा मोकळी होईल. मी परत पाठ घेते."

"अगं, नामंजूर केला की तो पाठ पुसला जातो," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. त्या पाठात हेमा होती. दिसत नसली तरी होती. तिच्या शेवटच्या वेळेतलं दुसरं काही कुणाकडे नव्हतं.

"मी एका पेनड्राइव्हवर उतरवून आणलाय तो," रुक्साना म्हणाली आणि पर्समधून काढून टेबलावर ठेवला. "मी बघितला नाही. मला बघवणार नाही. पण तुम्ही बघितल्याशिवाय काही करू नका. त्यात असलं काही, म्हणजे मॅडमनी हाक मारली असेल, आणि मला ऐकू आलं नसेल, तर मला सांगा. आक्का म्हणतात ते खरं असेल तर मला कळू दे."

मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि दार लावून घेतलं. बाहेर आक्का सरांना चहा विचारत होती.

टेबलावर हेमाच्या जागेवर बसलो. पाठ सुरू केला. पुढच्या बाकांवरच्या पोरांच्या मानगुटी, फळा, आणि फळ्यापाशी रुक्साना. निळी साडी, इस्त्री केलेली. ओळखीचे प्रश्न विचारून मग पाठाचं नाव सांगायचं अशी त्यांची पद्धत.

"मुलांनो, आज सकाळी तुम्ही काय खाल्लं?"

पहिल्या बाकावरचा एक जण उभा राहिला. "बाई, आज पचनसंस्था."

वर्ग हसला. बी.एड.वाले दरवर्षी त्याच शाळेत तेच पाठ घेतात, त्यामुळे पोरांना उत्तरं आधीच पाठ असतात. आणि फोनच्या अगदी जवळ, कानाशी बोलावं इतक्या जवळ, हेमा हसली. नाकातून, आवाज दाबून, हसायची तशी.

मी थांबवलं. पाणी प्यालो. परत सुरू केलं.

रुक्साना गडबडली नाही. म्हणाली, "बरोबर. पण तू काय खाल्लंस ते सांग की." पोरगं म्हणालं, "भडंग." मग ती म्हणाली, "चला तर, तुझं भडंग कुठं कुठं फिरतं ते बघू." आणि खरंच तिनं त्या भडंगाला तोंडातून खाली उतरवायला सुरुवात केली. मी ऐकत राहिलो. मला कळत होतं. जठरात काय होतं, पित्त कुठनं येतं, सगळं कळत होतं. मधून मधून टॅबवर लिहायच्या काडीची टकटक यायची. हेमा लिहीत होती. मग टकटक थांबली. थोड्या वेळानं एक आवाज आला. टक्.

तो आवाज मी रोज ऐकत होतो. चष्म्याच्या पत्र्याच्या घराला स्प्रिंग होती, मिटताना ते असं वाजायचं. हेमाला चष्मा फक्त लिहा-वाचायला लागायचा. याच टेबलावर पाठ बघताना, पाठात खोट काढण्यासारखं काही राहिलं नाही की ती चष्मा काढून घरात घालायची आणि म्हणायची, "आता नुसतं ऐकते." पाठ संपायच्या आधी तसं रोज व्हायचं नाही. क्वचित व्हायचं.

चष्मा घरात कसा, ते मला तेव्हा कळलं. रुक्सानाला वाटलं मॅडम मान घालून लिहितायत. पण हेमा चष्म्याशिवाय लिहूच शकत नव्हती. ती ऐकत होती.

मी तिथंच बंद केलं.

बाहेर आलो. सरांनी कप खाली ठेवला. रुक्साना उभी राहिली.

"हाक नाही मारली," मी म्हणालो. "मी ऐकलं तिथवर तरी नाही. पुढचं मी ऐकलेलं नाही. पण लिहिणं तिनं आधीच बंद केलं होतं. चष्मा काढून घरात ठेवला होता." आणि ते काय असतं ते मी तिला सांगितलं.

रुक्साना खाली बसली. पदर तोंडाशी धरला. आक्का दारातून बघत होती. आत गेली आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

"मग झालं की!" कुरणे सर म्हणाले. "मॅडमना पाठ आवडला होता. आता मंजूर करायला काय हरकत? खोटं कुठं आहे त्यात?"

मला ते पटत होतं. खरंच पटत होतं. मी फोन हातात घेतलासुद्धा.

"नको, सर," रुक्साना म्हणाली. डोळे पुसले आणि सरळ बसली. "मॅडम अर्ध्या पाठावर कधी शेरा द्यायच्या नाहीत. शेवटी मूल्यमापनाचे प्रश्न असतात, ते माझे नेहमी फसतात. त्या म्हणायच्या, तिथं बघते मी तुला. तिथं त्यांनी बघितलं नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ती म्हणते तसं करा."

आकडा आला. मी वाचून दाखवला. सर आत शिरले. नामंजूर दाबल्यावर कारण विचारणारी एक यादी उघडली, त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

"पाठ अपूर्ण," सर वाचत होते. "पाठ पूर्ण होता, तो नको. आवाज अस्पष्ट, नाही. मार्गदर्शक अनुपस्थित... हे त्यातल्या त्यात बरं."

"ती हजर होती," मी म्हणालो.

"चौगुले, तसं नव्हे हो, नियमानं..."

"हजर होती, सर. हसली ती. मी ऐकलंय."

सरांनी यादी पुन्हा वरखाली केली. तळाला 'इतर' होतं. ते दाबलं. पाठ गेला. मधे गोल फिरलं आणि त्या जागी 'नवीन पाठ जोडा' आलं.

दुसरा पाठ त्याच आठवड्यात झाला, त्याच वर्गावर, तोच धडा. रुक्सानानं मला यायला सांगितलं. "दारात थांबा वाटलं तर, पण या." नव्या पाठाला मार्गदर्शक नवे लावता आले, बिर्जे सर, गणितवाले, कडक माणूस. ते मागच्या बाकावर बसले. मी त्यांच्या शेजारी.

"मुलांनो, आज सकाळी काय खाल्लं?" रुक्सानानं विचारलं.

या वेळी कुणी पचनसंस्था म्हणालं नाही. सगळा वर्ग मागे वळला. बाकाकडे बघितलं, बिर्जे सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पुढे झाला.

"पुढे बघा," बिर्जे सर म्हणाले.

पाठ चालू झाला. पण रुक्साना अन्ननलिकेपाशी आली आणि मागे बघितलं. जठर झालं, मागे बघितलं. लहान आतडं झालं, पुन्हा बघितलं. ती बघायची तशी पोरंही वळून बघायची. बिर्जे सरांनी दोनदा हातानं पुढे बघायची खूण केली. तिनं मान हलवली आणि थोड्या वेळानं परत बघितलं. शेवटचे प्रश्न तिनं नीट विचारले. पोरांनी उत्तरं दिली. घंटा झाली तरी पोरं बाहेर पळाली नाहीत. बिर्जे सर उठून उभे राहिले तेव्हा गेली.

शेरा त्यांनी तिथंच टॅबवर लिहिला आणि मला दाखवला. 'विषयज्ञान चांगले. प्रश्न चांगले. निरीक्षकाकडे वारंवार पाहिले, त्यामुळे वर्गाचे लक्ष विचलित झाले.' त्या खात्यातले गुण त्यांनी कापले.

"कापायला लागतात हो," ते मला म्हणाले. "तुमच्या मॅडमनीच घालून दिलेला नियम आहे."

"कापा की," मी म्हणालो. "बरोबर आहे ते."

रुक्साना फळा पुसून आली. मी तिला गुण कापल्याचं सांगितलं.

"माहीत होतं, काका," ती म्हणाली. "पण नाही जमलं."

पोर्टफोलिओ मुदतीच्या आत गेला. ती पास झाली. आता आजऱ्याकडच्या एका शाळेत शिकवते. ईदला येते, शिरखुर्मा आणते, आक्काशी तासभर बोलत बसते. माझ्याशी जास्त बोलत नाही. एकदा तेवढं विचारलं होतं, "पुढचं ऐकलंत का?" मी नाही म्हणालो. तिनं परत विचारलं नाही.

पेनड्राइव्ह मी हेमाच्या चष्म्याच्या घरात ठेवला आहे, चष्म्याशेजारी. वर्षातून एकदोनदा काढतो. दुकानातल्या कॉम्प्युटरला लावतो. पोरगं म्हणतं आज पचनसंस्था, हेमा हसते, भडंग खाली उतरतं, टकटक थांबते, घर मिटतं. तिथं मी बंद करतो. त्यापुढचा पाठ मी अजून ऐकलेला नाही.